सफेद कातळाचा न्याय

पीराच्या ठाण्यावर पत्र्याची पाटी होती : ‘या कातळाने आजवर एकाही निरपराध्याचे पाणी उकळवलेले नाही. कातळातले प्रत्येक भोक म्हणजे डोंगराने गिळलेले एकेक खोटे.’ खाली व्यवस्थापकांचा शिक्का.

हुमायून जरासवंदने ती पाटी शांतपणे वाचली. तेलविहिरींच्या पोटातून निघालेले दगड तपासण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्यामुळे दगडांविषयीच्या थापा त्याला चटकन ओळखू येत. या थापेची बांधणी मात्र वाखाणण्याजोगी होती. हात बुडवलेले पाणी कातळावर ओतल्यावर ज्याचे पाणी उकळे, त्याला जमाव तिथेच दगडांनी ठेचत असे. आणि आपण निरपराध होतो हे सांगायला मेलेला माणूस परत येत नसतो. असा कातळ चुकणार तरी कसा?

आज पाळी अर्देशीरची होती. तो हुमायूनच्या बहिणीचा मुलगा. उन्हाळी कुरणांकडे कळप नेताना इस्फंदियार खानाचा मुलगा गोळी लागून मेला होता. गोळी कुणी झाडली, ते कुणीही पाहिले नव्हते. खानाच्या माणसांनी अर्देशीरकडे ‘चौकशी’ केली. तीत त्याच्या उजव्या हाताची बोटे मोडली, नखे गेली. कबुली तेवढी निघाली नाही. म्हणून मग कातळ.

माणसे आधीच दगड निवडून उभी होती. कुणी हातातला दगड तोलून पाहत होते, कुणी शेजाऱ्याच्या दगडाला नावे ठेवत होते.

“एवढासा? चिमणी मारायचीय का रे?”

“तू तुझा बघ. मागच्या खेपेला तुझा नेम पीराच्या दारावर गेला होता!”

बाबा नौरूज बाहेर आला. चिनी मातीच्या वाडग्यात त्याने झऱ्याचे पाणी घेतले आणि उंच मानेच्या काचेच्या गुलाबदाणीतून वर गुलाबपाणी शिंपडले.

“या डोंगराला डोळे नाहीत, लेकरांनो, पण जीभ आहे! खोट्याची चव त्याला बरोब्बर कळते. आधी फिर्यादी!”

खानाने वाडग्यात हात बुडवला, मुलाच्या रक्ताची शपथ घेतली. बाबाने ते पाणी कातळावर ओतले. कातळ गप्प राहिला. जमावाने सुस्कारा सोडला.

बाबाने वाडगा पुन्हा भरला. आणि गुलाबदाणी बदलली.

हुमायून याच क्षणाची वाट पाहत होता. गुलाबपाणी एकच, तर गुलाबदाण्या दोन कशाला?

दोघांनी अर्देशीरचा ठेचलेला हात वाडग्यात दाबला. तो गुरासारखा ओरडला.

“बघा, बघा! पापी हात जळतोय!” बाबा गरजला.

“मामा!” अर्देशीरने हाक मारली.

बाबा वाडगा कातळावर कलता करणार, तोच हुमायूनने त्याचे मनगट धरले.

“थांबा, बाबा. आधी माझा दगड तपासा.”

त्याने कोटाच्या खिशातून करड्या दगडाचा गोल तुकडा काढला. तुकड्याला भोकेच भोके होती.

“इंजिनियरसाहेब, इथं तुमची शाळा नको,” खान म्हणाला.

“खानसाहेब, हा दगड विहिरीतून काढलाय, दोन हजार मीटर खालून. ह्यालाही भोकं आहेत. तिथं खाली कोण खोटं बोलायला गेलं होतं?”

मागे कुणीतरी खुदकन हसले. हुमायूनने वाडग्यातले पाणी तुकड्यावर ओतले. दगड फसफसला आणि पांढरा फेस त्याच्या बोटांवरून ओघळला.

“आपला डोंगर चुनखडीचा. आंबट पाणी लागलं की चुनखडी विरघळते, वायू सुटतो, फेस येतो. खाली जमिनीच्या पोटात तेच चालतं. सडक्या अंड्याचा वास येतो ना तुमच्या झऱ्यांना? असलं आंबट, खारं पाणी फटींतून चढतं आणि लाखो वर्षं दगड खात राहतं. त्या भोकांत मग तेल साठतं. भोकं अरुंद असली, की तेलवाले वरून तेजाब, म्हणजे जळजळीत आम्ल, ओततात. आमच्या तशाच एका तळावर हा बाबा स्वयंपाकी होता. तिथला फेस पाहूनच ह्याला साक्षात्कार झाला!”

“झूट! पवित्र पाणी आहे ते!”

“मग त्या दुसऱ्या गुलाबदाणीतला एक घोट प्या.”

बाबा मागे सरला. खानाने त्याचा जबडा धरला आणि गुलाबदाणी तोंडाला लावली. काच दातांवर आपटून फुटली. बाबाचे ओठ फाटले आणि तो रक्त व तेजाब एकदमच थुंकू लागला.

“पाणी आणा! तोंड धुवा त्याचं!” हुमायून ओरडला. पाण्याऐवजी पहिला दगड आला आणि बाबाच्या कानशिलाला लागला. दगड धरलेले ते सगळे हात आता नव्या गुन्हेगाराकडे वळले होते. हुमायून आडवा उभा राहिला. पुढचा दगड त्याच्या खांद्यावर बसला.

“मारा, मलाही मारा! मघाशी तो म्हणाला म्हणून उचललेत, आता मी म्हणालो म्हणून मारताय. फरक काय पडला? माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घरात लोणच्याचा आंबट सिरका आहे ना? आणा, ओता, आपल्या डोळ्यांनी बघा. आणि इथून पुढं कुणाचा जीव घेण्याआधी एवढी तरी तसदी घ्या!”

मग म्हातारी कोकबबीबी घरी जाऊन लोणच्याच्या सिरक्याची बरणी घेऊन आली. गेल्या वसंतात तिची लेक महताब याच कातळापाशी दगडांखाली मेली होती. तिने स्वतःच्या हाताने सिरका ओतला. कातळावर बारीक बुडबुडे उठले. ना शपथ, ना आरोपी. म्हातारी त्या बुडबुड्यांकडे पाहत राहिली. हातांतले दगड एकेक करून खाली पडू लागले.

अर्देशीरची दोरी सोडून झाल्यावर ती बाबासमोर जाऊन बसली.

“माझ्या महताबवर तर कुणाची फिर्यादसुद्धा नव्हती, नौरूज. बकरी हरवली होती नुसती. तिच्या वाडग्यात का रे ओतलंस तेजाब?”

त्याने रक्ताळलेले तोंड बाहीने पुसले. संध्याकाळी शिपायांनी त्याचा जबाब घेतला. त्यातला महताबविषयीचा भाग शब्दशः असा :

“बाकीच्यांच्या वेळी कुणाचं पाणी उकळवायचं, ते मला आधी सांगून ठेवलेलं असायचं. तिचं कुणीच सांगितलं नव्हतं. पण लोक लांबून आले होते, दगड घेऊन उभे होते. त्यांना तसंच माघारी कसं पाठवायचं?”