काजळीची लेक

घड्याळवाल्या काकांच्या दुकानात सगळं वेळेवर चालायचं, काका सोडून. असं त्यांची बायको म्हणायची आणि गिऱ्हाइकांसमोर बिनदिक्कत म्हणायची. उशिराचं कारण दुकानामागच्या खोलीत होतं. तिथे सशांचे पिंजरे होते आणि एकदा त्या खोलीत शिरले की काकांना जगाचा विसर पडे.

काजळी नावाच्या मादीवर त्यांचा विशेष जीव. काळीभोर, भरल्या अंगाची, पाहणाऱ्याने पाहत राहावं अशी. पण प्रदर्शनाच्या टेबलावर ती कधी चढली नाही. लहानपणचे केस झडून मोठेपणचे आले, तेव्हा तिच्या उजव्या कानामागे पांढऱ्या केसांचा एक झुबका उगवला. काळ्या सशाच्या अंगावर पांढरे केस दिसले की परीक्षक त्याला सरळ बाद करतात. काही लोक असे केस चिमट्याने उपटून मोकळे होतात. काकांच्या टेबलावर तर चिमट्यांचा सुकाळ, नुसता हात पुढे करायचा अवकाश होता. त्यांनी तो केला नाही. काजळी घरीच राहिली आणि झुबक्याची गोष्ट काकांनी पोटातच ठेवली. आपल्या पोरीचं उणं कोणी चारचौघांत सांगत सुटतं का?

एक हौस मात्र मनात घर करून बसली होती. काजळीची एखादी लेक टेबलावर उभी करायची. आधीची पिल्लं एकतर नर निघाली, नाहीतर जगली नाहीत. काजळी म्हातारपणाकडे झुकली तेव्हा तिला एकच पिल्लू झालं, काळी मादी. यानंतर काही नाही, हे काकांना कळून चुकलं.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई टोपली घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाईही ससे पाळायच्या आणि प्रदर्शनात काकांना नेहमी घाम फोडायच्या. त्यांची मादी पिल्लं होताच गेली होती. बाकीची पिल्लं इतरांनी नेली, हे एक उरलं होतं.

"काका, ठेवाल का काजळीपाशी?" बाईंनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं.

"विचारता काय? आणा इकडे," काका म्हणाले. ससेवाल्यांत दूध मागायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत, मग तो कितीही मोठा प्रतिस्पर्धी असो. पिल्लू मोठं झालं की ज्याचं त्याला परत जातं, आणि सांभाळणाऱ्याने त्याचा उल्लेखही करायचा नसतो.

अडचण एकच होती. बाईंचं पिल्लूही काळं, तेही मादी, अंगापिंडाने अगदी सारखं. अशा वेळी पाहुण्या पिल्लाच्या कानात शाईचा ठिपका देतात. पण आई पिल्लांना चाटते आणि शाईही चाटून टाकते, म्हणून ठिपका रोज नव्याने द्यावा लागतो. काका रोज देत होते. मग दुकानात एक लंबकाचं घड्याळ आलं, ते बाराऐवजी तेरा ठोके द्यायचं. काकांनी त्याचा असा ध्यास घेतला की जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. घड्याळ वठणीवर आलं, काका पिंजऱ्यापाशी आले आणि बघतात तर चारही कान कोरे!

पिल्लं आईपासून वेगळी करायची वेळ आली, तोवर एक पिल्लू नजर लागावी असं झालं होतं. गुबगुबीत, मखमलीसारखं. दुसरं नुसतं टांगांचं, कानांत आणि पायांतच सगळी वाढ. बायकोने त्यांची नावंही ठेवून टाकली होती, मखमल आणि लंबी. मखमलच काजळीची, असं काकांचं मन रोज सांगे. पण मनाचं काय, ते आपल्या सोयीचंच सांगतं.

बाई आल्या तेव्हा लंबीकडे बोट दाखवलं असतं तर कोणाला काही कळणार नव्हतं. काका दोनदा खाकरले.

"बाई, ठिपका गेला. माझी चूक. कोणती कोणाची, मला सांगता येत नाही."

खूण पुसली गेली, तर पाहुण्या पिल्लाच्या मालकाने आधी निवडायचं, ही रीत बाईंनाही ठाऊक होती. त्यांनी दोन्ही पिल्लं हातात घेतली, पाठीवरून बोटं फिरवली आणि मखमल उचलली. जराही आढेवेढे न घेता! काकांना वाटलं होतं, बाई थोडा तरी संकोच करतील.

"रीत तुमची, निवड त्यांची. आता तोंड कशाला पाडता?" बायको म्हणाली.

काजळी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. काका मागच्या खोलीत बसले की लंबीला मांडीवर घेत. हीच काजळीची असेल, कोण नाही म्हणतंय? हळूहळू त्यांनी स्वतःला तसं पटवलंच. लंबीनेही त्यांची लाज राखली. अंग भरलं, टांगा झाकल्या गेल्या, नवे केस असे आले की बायकोसुद्धा येताजाता हात फिरवू लागली. काकांनी प्रदर्शनात तिचं नाव घातलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बाई आल्या. कपड्यांना भाजलेल्या पावाचा वास, हातात टोपली, चेहरा उतरलेला.

"काका, मी मखमलला उद्या आणत नाही. तुमच्या घरचं दूध प्यायलेली, म्हणून म्हटलं तुम्हाला आधी सांगावं. नवे केस आले आणि हे बघा." त्यांनी उजव्या कानामागचे केस बोटांनी बाजूला केले. "माझंच काही चुकलं का हो खायला घालण्यात?"

पांढरा झुबका. जागासुद्धा तीच.

काकांना आनंदाने भरून आलं आणि त्याच क्षणी त्यांची नजर लंबीच्या पिंजऱ्याकडे गेली. ही काजळीची! म्हणजे लंबी बाईंची. उद्यासाठी विंचरून, चमकवून ठेवलेली लंबी. झुबक्याचा अर्थ या जगात एकट्या काकांना ठाऊक होता. बायकोलाही नाही. 'होतं असं कधीकधी' एवढं म्हणून चहा विचारला असता, तरी काम भागलं असतं.

"चहा घेता?" काकांनी विचारलं. आणि मग स्वतःचाच राग आल्यासारखे भरभर बोलत सुटले. "तुमचं काही चुकलं नाही. काजळीला असाच झुबका होता, अगदी इथेच. मी कोणाला सांगितलं नव्हतं. ही माझी आहे बाई. तुमची ती, त्या पिंजऱ्यात."

बाई लंबीकडे बघतच राहिल्या. "अहो काका, पण निवड मी केली होती. झाली चूक ती माझी. राहू द्या तिला इथेच. आपल्या दोघांतच राहील."

"आणि काजळीची लेक तुमच्याकडे ठेवू? ते जमायचं नाही. द्या इकडे."

"पण वाढवली तुम्ही!"

"पाहुणचार केला," काका म्हणाले. लंबीला टोपलीत ठेवताना त्यांचे हात जरा रेंगाळले. "आणि हिला विंचरताना उलटं विंचरू नका, चिडते. लंबी म्हटलं की कान वर करते."

बायकोने चहात साखर जास्त घातली.

दुसऱ्या दिवशी लंबी बाईंच्या नावाने उतरली आणि पहिली आली. परीक्षण चालू असताना कोणता ससा आपला, हे मालकाने चेहऱ्यावरही दाखवायचं नसतं. काका मागच्या रांगेत बसून इतके निर्विकार दिसत होते की शेजारच्याने त्यांना बरं नाही का, असं विचारलं. निकाल लागताच बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाढवली घड्याळवाल्या काकांनी!" काका कानापर्यंत लाल झाले.

पांगापांग होत असताना परीक्षकबाई मागच्या रांगेपाशी थबकल्या. काकांच्या मांडीवर मखमल होती. बायकोच्या आग्रहावरून सोबत आणलेली.

"अरे वा! काय बांधा आहे हिचा! ही टेबलावर का नव्हती? कोणाची?"

आजूबाजूला सगळे ससेवाले उभे होते. काकांनी मखमलचा उजवा कान अलगद दुमडला आणि पांढरा झुबका सगळ्यांना नीट दिसेल असा धरला.

"माझी," ते म्हणाले. "आईवर गेलीय."