बेल्जमची बंदूक

महिपत मिस्त्रींनी बंदुकीची फुटलेली नळी उन्हाकडे धरली, एक डोळा मिटला आणि तिच्या उसवलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. पलटणीत उभी हयात हत्यारं दुरुस्त करून पेन्शनीत निघालेल्या या माणसाला ठाण्याच्या कचेरीने मुद्दाम बोलावून घेतलं होतं. समोर गादीवर अव्वल कारकून श्रीपादराव टाक हातात घेऊन बसले होते. खाली पायरीवर विश्राम होता, माजिवड्याचा शेतकरी. दसऱ्याला ही नळी फुटली ती त्याच्या मुलाच्या, दौलतच्या हातात, आणि दुसरा दिवस उजाडायच्या आत दौलत गेला.

"बेल्जम देशची आहे," मिस्त्री म्हणाले.

"म्हणजे स्वस्तातला माल." श्रीपादरावांनी टाक दौतीत बुडवला. "आम्हाला ठाऊकच होतं. हे व्यापारी मुंबईत भंगार उतरवतात आणि खेड्यातल्या लोकांच्या गळ्यात मारतात."

"स्वस्त आहे, रावसाहेब. भंगार नाही." मिस्त्रींनी नळी पुढे केली. "लोखंड खोटं असतं तर ठिकऱ्या झाल्या असत्या. ही उकलली आहे, शेवग्याच्या शेंगेसारखी. आणि ही खूण बघा. विकायच्या आधी जास्त दारू ठासून उडवून बघतात आणि मगच ही खूण मारतात. इंग्रजी बंदुकीला नक्षी असते, मूठ गुळगुळीत असते, त्याचे पैसे घेतात. नळी म्हणाल तर हिच्यात खोट नव्हती."

"मग फुटली कशी?"

"दोनदा भरली होती. खाली एक भरणा, त्याच्यावर दुसरा. इथे बघा, दोन जागी फुगली आहे." मिस्त्री विश्रामकडे वळले. "आधीची कोणी भरून ठेवली होती का रे, बाबा?"

विश्राम ऐकत होता. गेले काही दिवस त्याला सगळं असंच ऐकू येत होतं, बोलणारा विहिरीच्या काठावर आणि आपण तळाशी. लोक गळ्यात पडून रडले, त्याला काही झालं नाही. तेराव्याला वाढलेलं पान त्याने मुकाट जेवून संपवलं. आता मिस्त्रींचा प्रश्नही तसाच वरून आला आणि तळाशी येऊन बसला.

खंडेनवमीला त्याने स्वतः ती नळी उकळत्या पाण्याने धुतली होती. उन्हात वाळवली, तेलाचा बोळा फिरवला आणि पाटावर कोयता, कुऱ्हाड, विळे यांच्या शेजारी मांडली. मग तो झेंडू आणायला गेला. परत आला तेव्हा त्याच्या बायकोने, मालनने, सगळी मांडणी केली होती. सणाच्या दिवशी घरात काही रिकामं ठेवायचं नाही, ही तिची सासूकडून आलेली रीत. पायली भाताने भरलेली, कळशी पाण्याने भरलेली, तेलाची बुधली काठोकाठ, चुन्याची डबीसुद्धा भरलेली. शस्त्रांत पोकळ असं एकच होतं. बंदुकीत ठासायच्या चिंध्या चार वर्षं तीच वळून देत होती. आधी दारू, मग चिंधी, मग छर्रे, मग पुन्हा चिंधी, हे तिने शंभरदा पाहिलेलं. आणि त्या दिवशी पाटावर दारू ठासायचा गज बंदुकीच्या डाव्या अंगाला पडलेला होता. विश्रामने तो उजवीकडे ठेवला होता. त्याने तेव्हा तो पाहिला आणि झेंडूच्या माळा ओवायला बसला.

आता कचेरीच्या पायरीवर तो गज त्याला लख्ख दिसला. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. सीमोल्लंघनाच्या वेळी दौलतने अंगणात बंदूक घेतली. बापाने धुतलेली, म्हणजे रिकामी. वेशीवर सलामीचा बार दणक्यात व्हावा म्हणून त्याने दारूही सैल हाताने ओतली.

"विश्राम, मिस्त्री काय विचारताहेत?" श्रीपादराव म्हणाले.

मी भरली म्हणावं, तर मालनला ठाऊक होतं की त्याने भरली नाही. मग तो खोटं का बोलला हे ती शोधत बसली असती, आणि शोधत शोधत स्वतःपाशीच आली असती. दौलतने दोनदा भरली म्हणावं, तर मेलेल्या पोराच्या माथी मूर्खपणा. कुणापाशीच न पोचणारी वाट एकच होती.

"नाय रावसाहेब. रिकामी व्हती. मी गज घालून बघितला व्हता."

"नक्की?"

"देवाच्यान. मालच खोटा."

मिस्त्रींनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग नळी गोणपाटावर ठेवली आणि हात पुसले. बाप म्हणतो म्हटल्यावर त्याच्याशी हुज्जत कोण घालणार! श्रीपादरावांनी लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. गावात त्याच दुकानातल्या आणखी तीन बंदुका होत्या. त्या परवान्यांसकट कचेरीत जमा करायच्या, तपासणी होईपर्यंत कुणी उडवायच्या नाहीत. विश्रामने अंगठा उठवला.

वाटेने येताना त्याला त्या बंदुकीची लाज वाटली. तिची नव्हे, स्वतःची. चार वर्षांपूर्वी मुंबईच्या दुकानात बापलेक गेले होते. दुकानदाराने आधी इंग्रजी बंदूक दाखवली आणि मग यांच्या धोतराकडे बघून ही काढली. गावाने नाकं मुरडली. पाटलाने तर बायकांच्या फुंकणीची जात असं नाव ठेवलं. पण चार वर्षं तिने डुकरांपासून भात राखलं. एकदा म्हणून दगा दिला नाही. दौलत तिला अंथरुणाशेजारी घेऊन निजायचा. तिच्यावर आज त्याने खुनाचा आळ घातला होता, आणि ती काही बोलू शकत नव्हती.

मालन अंगणात कोंडा पाखडत होती. दौलत गेल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. बायका आल्या, छाती पिटून गेल्या, ही त्यांना पाणी देत राहिली. मागे कुणी दगडाच्या काळजाची म्हटलं, कुणी पोटात घालून ठेवतेय म्हटलं. तिने सूप बाजूला ठेवलं आणि त्याच्या पायांवर पाणी ओतलं.

"काय म्हनाले?"

"बंदूक खोटी व्हती म्हनाले. स्वस्तातली. अशाच फुटतात."

"असं?" ती म्हणाली. तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. "मिस्त्री म्हनाले?"

"सगळेच म्हनाले."

"बरं," ती म्हणाली आणि सूप घेऊन पुन्हा बसली.

विश्रामला वाटलं, झालं, निभावलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तेही वाटलं नाही. तो ओटीवर भिंतीला टेकून बसला आणि तिच्या सुपाचा आवाज ऐकत राहिला.

गावात व्हायचं तेच झालं. कचेरीचा शब्द म्हटल्यावर जो तो शहाणा झाला. पाटील चावडीवर सांगत सुटले, तरी मी पहिल्यापासून म्हणत होतो. दोघांनी लगोलग बंदुका नेऊन दिल्या. त्यांचं हळवं, लवकर पिकणारं भात केव्हाच घरात आलं होतं, त्यांचं काय जाणार होतं? राहिला भिवा, विश्रामच्या बांधाला बांध असलेला. त्याचं गरवं, उशिरा पिकणारं भात येऊरच्या डोंगराखाली उभं होतं, लोंब्या वाकलेल्या. डुकरं याच दिवसांची वाट बघत असतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवा आला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बंदूक, गुडघ्यापर्यंत चिखल. तो ओटीवर चढला नाही.

"अर्धं गेलं, दादा," तो म्हणाला. "बार काढायचा धीरच झाला नाय. घोडा वडला आन् पुना खाली सोडला. दौलत दिसला डोळ्यासमोर. मी आन् माजी बायकू थाळ्या वाजवत बसलो. डुकरं थाळीला भितात काय?"

विश्राम ओटीच्या कडेला सरकला.

"ठान्याला चाललोय, जमा कराया. मंग उरलंय तेबी जाईल." भिवाने गोणपाट खाली ठेवलं. "तुमी सांगा. दोन्ही बंदुका एकाच दुकानातल्या. तुमी सांगाल तर ठेवतो लपवून. परवाना गेला तर गेला. पोरांच्या तोंडात तर घास पडंल. पन बंदूक खरीच खोटी हाय का?"

विश्रामने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. शब्द जिभेवर आले होते. आत चुलीशी मालन भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज येत होता. एका बाजूला भिवाची चार पोरं आणि एका बाजूला तो आवाज. त्याने शब्द गिळले.

"जमा कर," तो म्हणाला.

भिवाने मान हलवली आणि तो वाकला. आतला भाकरीचा आवाज थांबला. मालन दारात आली. हाताला पीठ तसंच होतं. परक्या पुरुषासमोर ती पदर पुढे ओढल्याशिवाय कधी येत नसे. आज पदर कुठे आहे याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"भिवा, जमा करू नको," ती म्हणाली. "तुजी बंदूक चांगली हाय. आमची पन चांगली व्हती."

"वयनी..."

"खंडेनवमीला मी भरली व्हती. पाटावर रिकामी कशी ठेवायची म्हनून. मंग दौलतनं भरली." तिचा आवाज सपाट होता, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसा. "बंदूक कशानं फुटंल, भिवा? चार वरसं फुटली नाय ती. बायकांना हात लावू देऊ नको, येवढंच."

भिवा कधी तिच्याकडे, कधी विश्रामकडे बघत राहिला. मग त्याने बंदूक उचलली, विश्रामच्या खांद्याला हात लावावा की नाही हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तसाच तो शेताच्या वाटेला लागला.

विश्राम उठून दाराशी आला. तिच्या पायाशी उंबऱ्यावर बसला.

"तुला कवापासून ठावं?"

"तवाच. अंगनात त्यानं गज घातला तवा गज वर ऱ्हायला, हातभर. तो पोरांशी बोलत व्हता, त्याचं ध्यान नव्हतं. मी इथंच हुबी व्हते, ह्या दारात." ती बोटांवरचं पीठ चोळून काढत होती. "हाक मारनार व्हते. पन तो उंबऱ्याभायेर पडलेला. शिलंगनाला निघालेल्या मानसाला मागनं हाक मारू नये. म्हटलं, भरली तर भरली, बार मोठा व्हईल."

कोंबड्या भिवाच्या पायांवरून पडलेल्या चिखलात टोची मारत होत्या. विश्रामने एकीला हातानेच हाकललं.

"मंग मला बोलली का नायस?"

"तुमी कचेरीतनं आलात तवा मला वाटलं, आता म्हनतील. मिस्त्रीला कळल्याबिगर ऱ्हातंय व्हय! तांब्या घेऊन हुबीच ऱ्हायले. तुमी म्हनालात, बंदूक खोटी."

"तुला लागू नये म्हनून गं."

"त्ये समजलं मला." ती खाली बसली, चौकटीच्या दुसऱ्या अंगाला टेकून. "सगळी गोड बोलत्यात. बंदुकीला शिव्या घालत्यात आन् मला धीर देत्यात. मी रडू कशी? बंदुकीनं मारला म्हनून रडू? ते खोटं रडू मला येत नाय. तुमी एकदा म्हनला असता, तर रडता तरी आलं असतं."

चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला. दोघांतलं कुणी उठलं नाही. विश्रामने तिच्याकडे पाहिलं. तोंडातून निघणार ते मारल्यापेक्षा वाईट होतं, आणि दुसरं काही तिला द्यायला त्याच्यापाशी नव्हतं. त्याने तिचा पिठाचा हात हातात घेतला.

"दौलतच्या आये," तो म्हणाला, "बंदूक तू भरलीस."

तिने ऐकलं. एकदा मान हलवली, हो म्हटल्यासारखी. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली.