शून्य ते चार

प्रयोगशाळेत माझं काम उंदरांचे पंजे तपासायचं. मानेमागची कातडी चिमटीत धरायची, पंजा उजेडाकडे वळवायचा आणि सूज वहीत लिहायची. काहीच नसेल तर शून्य, पार फुगला असेल तर चार.

सांधेवातात कुंपणच शेत खातं. शरीराच्या राखणदार पेशी कूर्चेतल्या प्रथिनावर उठतात. त्या प्रथिनावर एका ठरावीक जागी साखरेचा बारीक कण चिकटलेला असतो आणि पुष्कळ राखणदार त्याला या साखरेवरूनच ओळखतात. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचं म्हणणं असं, की साखर लागलेला तुकडा आधीच बेताबेताने टोचला तर त्या पेशींना तो आपला वाटू लागतो आणि त्या निवतात. नुसत्या तुकड्याने तेवढं होत नाही. म्हणून निम्म्या उंदरांना साखरेचा तुकडा टोचायचा, निम्म्यांना नुसता, मग सगळ्यांनाच सांधेवात आणून पंजे बघायचे.

टोचणाऱ्याने मोजायचं नाही, हा नियम. आधी मी फक्त टोचायचे. पण मोजणारी सोबतीण बाळंतपणाला गेली आणि दोन्ही कामं माझ्याकडे आली. कुठल्या पिंजऱ्यात काय गेलंय हे मला पाठ होतं. मॅडमना ते त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

माझी ताई सदऱ्यांना काजं करायची. सांधेवाताने बोटं सुजायला लागल्यापासून सुई धरवत नाही. डॉक्टरांनी जोरकस इंजेक्शनं सुरू करायला सांगितली होती, पण ती घाबरली. आधी तुझ्या उंदरांचं काय होतं ते बघू, म्हणाली. दर रविवारी विचारायची, माझे भाऊबंद कसे आहेत. भावोजी म्हणायचे, आता घरात मांजर पाळायची सोय राहिली नाही, हिचं माहेर दुखावेल.

एका सकाळी साखरेच्या गटातला एक पंजा हातात आला. सूज दोनची होती. मला ताईचं बोट दिसलं आणि मी एक लिहिला. मग हात सरावला. साखरेच्या गटाला कमी, दुसऱ्याला थोडं जास्त. दिवसभरात खोटं बोलायचं नाही, असं मी रोज सकाळी देवापुढे म्हणते. तोंडाने कुठे बोलले, लिहिलं तर हाताने, अशी मी मनाची समजूत घालत होते.

आलेख बघून मॅडम खूश झाल्या. मी ताईला सांगितलं, छान चाललंय. त्या भरवशावर तिने इंजेक्शनं तीन महिने पुढे ढकलली. तेवढ्यात दुखण्याने दुसरा हातही धरला.

ते कळलं त्याच्या दुसऱ्या सकाळी प्रार्थनेचे पहिलेच शब्द तोंडातून फुटेनात. तशीच उठले आणि मॅडमच्या खोलीत गेले.

सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "किती पंजे?"

मला सांगता येईना.

"म्हणजे सगळी वहीच गेली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

पंज्यांचे दर आठवड्याचे फोटो होते. पिंजऱ्यांचे क्रमांक झाकून ते शेजारच्या विभागातल्या माणसाकडे दिले. फरक निघाला, पण माझ्या वहीतल्याच्या निम्माही नाही. माणसांचं औषध व्हायला, झालंच तर, दहा वर्षं तरी धर, असं मॅडम म्हणाल्या. पिंजऱ्यांचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. ते योग्यच होतं.

संध्याकाळी ताईकडे गेले. ती खिडकीपाशी बसली होती, मांडीवर अर्धवट सदरा. मी काही न झाकता सांगितलं. भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

ताई बराच वेळ सदऱ्याची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू मला वहीतच बरं केलंस."



तिने डावा हात माझ्यापुढे धरला. "आता हा मोज. उंदराचा समज."

मी तो दोन्ही हातांत घेतला, खिडकीकडे वळवला. बोटांची पेरं चकाकत होती, मनगट गरम होतं. मूठ करायला सांगितली, ती अर्ध्यावरच थांबली. माझ्या ओठांवर दोन आलं होतं.

"चार," मी म्हणाले.

तिने हात काढून घेतला. भावोजींना म्हणाली, डॉक्टरांना फोन लावा, माझ्या बोटांनी लागत नाही. पलीकडे घंटी वाजत होती, तेवढ्यात तिने उजवा हात पुढे केला.

"हाही सांग. आणि चिमणे, माझ्या तोंडाकडे बघू नकोस. हाताकडे बघ."

"तीन," मी म्हणाले.