शेपूट आमच्याकडे

चष्मेवाल्यांच्या घरी एका माशाचं शेपूट होतं, आणि त्याच माशाचं तोंड दातांच्या डॉक्टरांकडे. मासा जुन्या नकाशातला. तांब्याच्या पत्र्यावर कोरून दोन मोठ्या कागदांवर छापलेला जगाचा नकाशा, आणि कोरणाऱ्या शहाण्याने मासा नेमका दोन कागदांच्या सांध्यावर काढून ठेवलेला! जुनी पुस्तकं विकणाऱ्याच्या दुकानात हे दोघे एकदमच त्या गुंडाळीवर तुटून पडले. कोणीच मागे हटेना, तेव्हा दुकानदाराने वैतागून दोघांच्या हातात एकेक कागद कोंबला. तेव्हा दोघांचेही केस काळे होते.

तेव्हापासून दर रविवारी डॉक्टर आपला अर्धा नकाशा काखोटीला मारून हजर. जेवणाच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरायचे, मासा पुरा करायचा आणि मग मनसोक्त भांडायचं.

"देऊन टाका हो. नुसतं शेपूट घेऊन काय करणार आहात?" डॉक्टर म्हणायचे.

"तुम्ही रोज लोकांची तोंडं बघता, अजून हौस फिटली नाही?" चष्मेवाले म्हणायचे.

नकाशा सांधायचा तर एका कागदाची कोरी कड कापावी लागणार होती. ती कोणाची, यावरून तर प्रकरण पार हमरीतुमरीवर यायचं. चष्मेवाल्यांची बायको चहाचे कप आदळत म्हणायची, "खायचा मासा असता तर एव्हाना काटेसुद्धा उरले नसते."

चष्मेवाल्यांची इच्छा मात्र एकच होती. डोळे मिटण्याआधी अख्खा मासा आपल्या भिंतीवर बघायचा. त्यासाठी टेबलासमोरची भिंत त्यांनी रिकामी राखली होती. बायकोला तिथे साधं कॅलेंडर लावू दिलं नव्हतं, म्हणजे बघा.

एका रविवारी डॉक्टर आले ते पुठ्ठ्याची नवी नळी घेऊन. बसले, आणि भांडलेच नाहीत.

"लेकीकडे चाललोय," ते म्हणाले. "कायमचाच. जिना झेपत नाही आता. तिकडे एका खोलीत सगळं मावायचंय. हा तुम्ही ठेवा."

चष्मेवाल्यांनी दोन्ही कागद जुळवले. सवयीने बोट फिरवलं. कोरलेल्या रेघांची शाई बोटाला किंचित खरखरीत लागत होती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला ते समोर आयतं आलं होतं. पण पुढच्या रविवारी भांडायचं कोणाशी?

"कड कोणाची कापायची?" त्यांनी मुद्दाम उकरून काढलं.

"माझी कापा," डॉक्टर म्हणाले. "आता काय त्याचं."

चष्मेवाल्यांचं डोकंच फिरलं. ज्या माणसाने जन्मात केसभर कड सोडली नाही, तो असा एका वाक्यात हार मानतो म्हणजे काय? ते तरातरा उठले. स्वतःचा कागद गुंडाळून त्यांनी डॉक्टरांच्या नळीत घातला आणि झाकण लावलं.

"अहो, तुम्ही शेपूट घातलंत त्यात!"

"दिसतंय मला. जन्मभर चष्मे विकलेत. तोंड राहील माझ्याकडे, शेपूट न्या तुम्ही. पण ते माझं आहे. कात्री लावलीत तर याद राखा. परत आणून द्यायचं."

"कधी?"

"मासा पुरा बघावासा वाटला की. मला आत्तापासूनच वाटतोय."

डॉक्टरांनी झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहिलं. मग नळी काखोटीला मारून निघाले. जिन्याच्या वळणावरून त्यांचा नेहमीचा आवाज आला, "पण कड तुमचीच कापायची!"

"तुमची!" चष्मेवाले कठड्यावरून वाकून ओरडले. परत आत आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

बायकोने टेबलावरचा नकाशा बघितला, रिकामी भिंत बघितली. "लावा की आता हा तरी," ती हळूच म्हणाली.

"छे. दुसऱ्याची वस्तू आहे. तू तिथे तुझं कॅलेंडर लाव," चष्मेवाले म्हणाले. "मोठ्या आकड्यांचं आण. मला इथून रविवार दिसले पाहिजेत."