तळहातावरचा नारळ

"शिवप्पा मामा, ओल्या लागल्या त्या विहिरी सांगितल्या. कोरड्या किती गेल्या?" पाणीपुरवठ्याच्या हणमंतराव साहेबानं विचारलं.

शिवप्पा पाणाड्यानं नारळ या हातातून त्या हातात घेतला. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ जिथं उभा राहील तिथं पाणी, हे मुरुडच्या पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक. त्यानं दाखवलेल्या एका विहिरीत तर पाण्याची एवढी उसळी, की खणणाऱ्याची पगडी पुढच्या गावच्या ओढ्यात सापडली. कोरड्या विहिरींची गोष्ट कुणी सांगत नसे. तिथं मालकाचंच नशीब फुटकं.

लातूर जिल्हा नवाकोरा. कचेरीचा चुना तेवढा ओला, बाकी जिल्ह्यात ओलं म्हणून काही उरलं नव्हतं.

"असं करू," साहेब म्हणाला. "निम्म्या गावांत तुमच्या जागेवर बोअर. निम्म्यांत जागांच्या चिठ्ठ्या टाकू, निघंल तिथं बोअर."

"चिठ्ठीला काय कळतंय पाण्याचं?"

"काईच न्हाई. म्हणूनच. बघू, पाणी कुणाचं जास्त लागतंय."

उन्हाळाभर मशीन धुरळा ओकत फिरलं. मग साहेब शिवप्पाच्या ओट्यावर येऊन बसला.

"मामा, तुमच्या जागांवर आन् चिठ्ठीच्या जागांवर पाणी सारखंच लागलं."

"चिठ्ठ्या आधी निघाल्या असत्या तर माझं लगीनबी तसंच लावलं असतं," आतून त्याची बायको गुरम्मा म्हणाली.

शिवप्पाला हसू आलं नाही, रागही आला नाही. चहानं जीभ पोळली, तेही उशिरा कळलं.

"म्या लबाडी न्हाई केली, साहेब. नारळ खरंच उभा ऱ्हातोय."

"ऱ्हात आसंल. पाणी त्याला बघून येत न्हाई, मामा."

शेवटचं बोअर शिवप्पाच्या लेकीच्या, महानंदाच्या गावाला आलं. सरपंच दगडोबा हात जोडून दारात. "एकदाच मशीन येणार हाय, मामा. चिठ्ठी नगं. तुमीच दावा."

शिवप्पा नारळ घेऊन निघाला, सगळं गाव मागं. महानंदाच्या दारासमोर नारळ ताठ उभा राहिला. तळव्यात तीच जुनी झिणझिण. कुणाला दिसायच्या आत त्यानं नारळावर उपरण्याचा पदर ओढला आणि तो चालत राहिला, पार शिवेपर्यंत.

"चिठ्ठ्या टाका," तो दगडोबाला म्हणाला.

चिठ्ठी मारुतीच्या देवळामागची निघाली. मशीन तिकडं गेलं.

महानंदा रिकामी घागर घेऊन उभी होती. "अप्पा, आमच्या दारात उभा न्हाई राहिला?"

शिवप्पानं नारळ तिच्या घागरीत ठेवला.

"चटणीला घे," तो म्हणाला.