बाबाच्याच ताटातलं लिंबू

देवास गेटजवळच्या धर्मशाळेत सकाळी आठलाच पाय ठेवायला जागा नव्हती. पीतांबर बाबा आजाऱ्याच्या पोटाला पिवळी पट्टी बांधत, मंत्र पुटपुटत आणि पट्टी सोडून कलशातल्या क्षिप्राजलात बुडवत. पट्टी लालभडक निघे. "देखो माई, निकला गंदा खून." माणसं हात जोडत. पोट न फाडता रक्त काढणाऱ्या बाबांना स्वतःच्या सर्दीपुढे मात्र रुमालच लागत होता.

मी अनसूया. बावीस वर्षं भैरवगढला चादरी रंगवते, छापते. त्या दिवशी मी माझ्या भाचीला, निहारिकाला न्यायला आले होते. कॉलेजातली पोर. आतड्याला सूज होती, डॉक्टरांच्या औषधानं ती ताब्यातही होती. दोन महिन्यांपूर्वी बाबांनी औषध बंद करवलं. मग गुडघे सुजले आणि कालपासून डावा डोळा लाल.

ती ओढणी डोळ्यांवर धरून बसली होती. "मावशी, उजेड टोचतो. डाव्यानं धूसर दिसतंय."

"ऊठ, डॉक्टरकडे चल."

माझी धाकटी बहीण सुलू, तिची आई, आडवी आली. "ताई, तू बीचमध्ये पडू नकोस. बला पोटातून गुडघ्यात आली, आता डोळ्यात. वर चढतेय म्हणजे निघतेय, बाबा म्हणाले."

डोळा जायची वेळ आली होती आणि ही त्याला गुण म्हणत होती. पोरगीही हलेना. "लाल पट्टी मी स्वतः बघितली ना, मावशी."

मग मला राहवेना. पुढं जाऊन बाबांजवळच्या पिवळ्या पट्ट्यांच्या ढिगातली एक कोरी पट्टी उचलली, कुणाच्याही पोटाला न लावता थेट कलशात बुडवली. लाल झाली.

"बाबाजी, ये किसके पेट का खून है?"

"पापी का हाथ लगा है," बाबा गुरकावले.

त्यांच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू घेऊन मी पट्टीवर पिळलं. लाल गेलं, पट्टी पुन्हा पिवळी. कुणीतरी हसलं. दोघीतिघी तरीही बाबांच्या पाया पडल्या.

"पट्टीला हळद, पाण्यात चुना," मी म्हटलं. "सुलू, हळदीच्या डागाला साबण लावलास की काय होतं?"

"लाल होतो," सुलू म्हणाली आणि निहारिकाची पिशवी उचलली. निहारिकानं माझा हात धरला.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरीणबाई वैतागल्याच. "तीन दुखणी नाहीत ही, मूळ एकच. शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. आतड्यावर, तशीच सांध्यांवर, डोळ्यांवरही. आणि डोळा वाट बघत नाही. औषध कुणाला विचारून सोडलंत?"

सुलू रडू लागली. "रोज डाग धुते गं ताई, तिथं कसं नाही सुचलं?"

तिथं आपण विचारत नाही, एवढंच. घरी भाजीवाल्याला दहा प्रश्न विचारणाऱ्या आपण बाबाला एकही विचारत नाही. विचारा. आणि चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

निहारिका आता रोज सकाळी उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचते. अजून बारीक अक्षर लागत नाही. तारीख बरोबर येईपर्यंत सुलू मागं उभी असते.