काळा मासा सोनेरी झाला तेव्हा

फुलपाड्यातल्या ज्या घरात प्यायचं पाणीसुद्धा टँकरमागे धावून भरावं लागे, त्या घरात माशांची काचपेटी आली ती आत्मारामच्या धाकट्या भावामुळे. दोन हजार दोन साल असेल. वास्तूचं वारं तेव्हा घरोघर शिरलं होतं. कुणी पलंगाची दिशा फिरवी, कुणी दारावर आरसा टांगी. आत्मारामला क्षयाने धरलेलं, कारखान्यातली रजा लांबत चाललेली. भाऊ म्हणाला, आठ सोनेरी मासे आणि एक काळा, असे घरात ठेव दादा. घरावर येणारं सगळं तो काळा आपल्या अंगावर घेतो.

त्याची बायको विनया हिने पेटीसाठी कोपरा रिकामा करून दिला. तिचा स्वभावच तो. पहाटे पोथी, तुळशीला पाणी, सोमवारचा उपास, आणि मग शाळेत पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला लावणं. माणसाचं मन कुठल्यातरी खुंटीला अडकलेलं बरं, असं तिला वाटे. देवापुढचा दिवा लावला की ती नवऱ्याच्या हातावर लाल गोळी ठेवी. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी पुरते महिने घ्यायची, मधेच सोडली तर रोग दुप्पट होऊन येतो. आत्मारामला त्या गोळीने मळमळे. तो तोंड वाकडं करी, पण घेई.

दिवाळीपर्यंत त्याच्या गालांवर मांस आलं. आणि मार्गशीर्षात एके सकाळी पेटीचं पाणी बदलताना विनयाला दिसलं, काळ्याच्या पोटाशी तांब्यासारखी चकाकी आली होती. ती चकाकी कडेकडेने वर चढत गेली. पौष उलटेस्तोवर काळ्याचा काळेपणा नावालाही उरला नाही. नऊच्या नऊ सोनेरी.

आत्माराम पेटीपुढे हात जोडून उभा राहिला. भावाचा फोन आला, इडापिडा जळून गेली म्हणून. खोटं कशाला, विनयानेही त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली. पण दुसऱ्या दिवशी तिने गोळी पुढे केली तेव्हा त्याने तिची मूठ अलगद मिटवली. ज्याने घ्यायचं त्याने घेतलं, आता हे विष कशाला, म्हणाला. तिने डॉक्टरांची आठवण करून दिली, शपथ घातली, अबोला धरून पाहिला. तो हसून टाळी. एवढे महिने आईपाशी निजणारी नऊ वर्षांची अश्लेषा पुन्हा बापाच्या कुशीत निजू लागली.

माघ सरताना त्याचा खोकला परतला. आधी घसा खाकरल्यासारखा, मग खोल, विहिरीतून आल्यासारखा. हवा बदलली, म्हणाला.

विनयाने शाळेत जॉयसबाईंपाशी गोष्ट काढली. जॉयसबाई गिरीज गावच्या, वाडीतल्या टाकीत मासे पाळत. विनयाला वाटलं होतं, बाई चकित होतील. त्या मधल्या सुट्टीतला चहा फुंकत एकेक विचारत गेल्या.

"डोळे कसे आहेत?"

"बटणासारखे बाहेर आलेले."

"वर आभाळाकडे बघतात की बाजूला?"

"बाजूला."

"पाठीवर पर आहे?"

"आहे. उभा. शेपटी दुहेरी, पदरासारखी."

"मग तो मूर, विनयाबाई. ब्लॅक मूर, सोनमाशाचीच जात. त्याचा काळा रंग काही जन्माचा नसतो. ऊबदार पाणी मिळालं, वय वाढलं, की पुष्कळदा उतरतो. शनिवारी या, दाखवते."

शनिवारी शाळा सुटल्यावर विनया गिरीजला गेली. केळींच्या सावलीत, विहिरीला लागून टाकी. जॉयसबाई हसत म्हणाल्या, "आमच्या पप्पांनी डास खायला आणले यांना. डास आम्हाला खातात आणि हे फुगून बसतात." पाण्यात तिघे होते. एक अजून काळाभोर, एकाचं पोट तांबूस, आणि तिसरा, विनयाने वाकून पाहिलं, तोच. तेच डोळे, तीच शेपटी, तेच सोनं.

टाकीच्या काठावर बसून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही दुसरी काहीतरी जात सांगाल. मासा सोनेरी झाला म्हणून हे क्षयाच्या गोळ्या सोडून बसलेत."

जॉयसबाईंना आता सारं कळलं. त्यांनी तो सोनेरी मासा तिच्या कडीच्या डब्यात घातला.

घरी येऊन विनयाने तो पेटीत सोडला. आत्माराम खाटेवरून पाहत होता. दोन एकसारखे मासे शेजारी शेजारी आले, तसा तो कोपरावर उठला.

"हा कुठून आणलास?"

"जॉयसबाईंकडून. हाही काळा होता. तिथे आणखी दोन आहेत, एकाचं पोट तांबूस व्हायला लागलंय."

"त्यांच्या घरी कोण आजारी होतं?"

"कुणी नाही."

खोकल्याची उबळ आली, ती त्याने उशीत दाबली. मग म्हणाला, "म्हणजे तुझे सोमवार खरे आणि माझा मासा खोटा."

"तसं नाही म्हणत मी. पण माझ्या सोमवारांनी तुमची गोळी कधी बंद नाही केली."

उशीवर लाल डाग पडला होता, त्यावर तो हात ठेवून होता. तिने त्याचा हात उचलला तेव्हा त्याने उचलू दिला.

डॉक्टरांनी थुंकी तपासून घेतली. ते रागावले नाहीत, त्याचीच विनयाला भीती वाटली. कागद उलटा ठेवून ते सावकाश म्हणाले, की अर्धं टाकलेलं औषध आता तसंच लागू पडेल याचा भरवसा नाही. रोज इंजेक्शन घ्यावं लागेल, महिनेही वाढतील, आणि तरीही खात्री देता येणार नाही. मग त्यांनी विचारलं, घरात लहान कोण आहे.

"मुलगी आहे," विनया म्हणाली. "पण ती धडधाकट आहे, डॉक्टर. देवाच्या दयेने तिला साधी शिंक नाही."

डॉक्टर लिहू लागले. आत्मारामने टेबलाची कड धरली.

"आहे तिला खोकला," तो म्हणाला.

विनयाने त्याच्याकडे पाहिलं.

"रात्री येतो. माझ्या कुशीत असते, मला कळतं. मी तिला सांगितलं होतं, आईला बोलू नकोस."

डॉक्टरांचं पेन थांबलं. विनया उठली, पदर खोचला, आणि शाळा सुटायच्या आत पोरीला आणायला निघाली.